परांचीवरचं डोहाळजेवण

एका राज्यात दारं होती, पण भिंती नव्हत्या. भिंती होत्या तिथं छप्पर नव्हतं, आणि छप्पर होतं तिथं चार-चार कुटुंबं एकमेकांच्या पायावर पाय देत राहत होती. थट्टा समजू नका. त्या राज्यात एक पाटील होता. त्याने हौसेने सागवानी चौकट करून घेतली, कडीकोयंड्यासकट. चौकट उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी सुतार नाहीसा झाला. तेव्हापासून पाटील मोकळ्या माळावर त्या चौकटीतून वाकून आत जाई, दार लावी, कडी घाली आणि चहूबाजूंनी वारा खात बसे. कुणी बाजूने डोकावलं तर तडकून म्हणे, "दाराने या!" माणसाची हौस, दुसरं काय.

कारागीर गेले कुठे? राजाकडे. राजा भानुकेत याने राजवाडा काढला होता आणि गवंडी, सुतार, पाथरवट, लोहार, कौलं चढवणारे, सगळ्यांना तिथं बोलावलं होतं. बोलावलं ते बोलावलंच. एकही परत आला नाही. मागे राहिलेल्यांना विटेवर वीट ठेवायलाही कुणी शिकवलं नाही, कारण शिकवणारेच उरले नव्हते.

त्या राज्याची एक रीत होती. वास्तू पुरी झाली की धन्याने स्वतः तांब्या हाती घ्यायचा, कारागिराच्या हातांवर पाणी घालायचं, तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि म्हणायचं, "काम झालं. हात धुवा, घरी जा." एवढं ऐकल्याशिवाय कारागीर हातातली थापी खाली ठेवत नसे. जीव गेला तरी नसे. त्यांची इभ्रतच होती ती.

राजवाडा एकदा पुरा झाला होता बरं का. कारागीर रांगेने हात पुढे करून उभे राहिले. राजाने ते हात पाहिले, चुन्याने माखलेले, भेगाळलेले. त्याने नाक मुरडलं. "मी? ह्यांच्या हातांवर पाणी घालू?"

तेव्हा कवड्या मांत्रिक पुढे झाला. गळ्यात कवड्यांच्या माळा, कमरेला वाळका तुंबा. तो म्हणाला, "नकाच घालू, महाराज. ज्याची वास्तू अपुरी, त्याला मरण नाही. काम संपणार नाही, तुम्हीही संपणार नाही."

राजाला ते फार आवडलं. मांत्रिकाने कवड्या खुळखुळवल्या, आणि न धुतलेल्या हातांचे ते कारागीर घरदार, बायकापोरं, स्वतःची नावंसुद्धा विसरले. त्यांना फक्त भिंत दिसू लागली. सकाळी बांधायची, दुपारी वाकडी वाटायची, संध्याकाळी पाडायची. अशी किती वर्षं गेली, कुणी मोजली नाहीत.

आता त्या कारागिरांतला एक कोंडबा गवंडी. सगळ्या राज्यात त्याच्या हाताची भिंत नावाजलेली. त्याचं स्वतःचं घर मात्र छपरावाचून राहिलं होतं. चार भिंती उभ्या केल्या, तुळई अंगणात आणून टाकली, आणि राजाचा सांगावा आला. तेव्हा त्याची लेक तुरजा परकर नेसून अंगणात खापऱ्या खेळत होती. ती मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, आणि सातवा महिना लागल्यावर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. येते तर काय, त्याच चार भिंती, वर आभाळ, आणि एका कोपऱ्यात पळसाच्या पानांचा आडोसा करून बसलेली तिची आई भिवरा.

"आई, बाळंतपण कुठे करायचं?"

"ह्याच कोपऱ्यात. पानं आणखी घालू."

"गुरं वितात तशी?"

 भिवरेने डोळ्यांना पदर लावला. तुरजेचं डोकं फिरलं ते तिथं.

"माझं बाळ उघड्यावर जन्मणार नाही," ती म्हणाली. "आणि बाबांच्या भिंतींवर बाबांनीच छप्पर चढवायचं. मी जाते आणि त्यांना घेऊन येते."

"अगं, अशा अवस्थेत कुठे निघालीस?"

"अशाच अवस्थेत जायला हवं, आई. रिकाम्या पोटाच्या बाईचं तो राजा ऐकणार आहे का?"

ती असं का म्हणाली, ते सांगतो. त्या राज्याचं सिंहासन एका अखंड दगडाचं होतं. राज्य स्थापलं त्या मूळ राणीने, ती स्वतः गरोदर असताना, त्या दगडाला शपथ घातली होती की पोटुशी बाईचा डोहाळा ज्या राजाने नाकारला, त्याच्याखाली तू उभा राहू नकोस. लहान पोरालाही हे ठाऊक होतं. राजालाही ठाऊक होतं, पण राजेलोकांना सोयीचं तेवढंच आठवतं.

तुरजा निघाली तोच अंगणातून टकटक ऐकू आली. पाहते तर पडलेल्या तुळईवर एक सुतारपक्षी चोच मारत होता, लाल तुरा, ऐटबाज मान.

"काय रे मेल्या, बाबांच्या तुळईला भोकं पाडतोस?"

"बाई, जरा बेताने बोला," पक्षी म्हणाला. "ह्या राज्यात सुतार म्हणून मी एकटाच उरलोय. तो पाटील रोज खिडकी करून दे म्हणून मागे लागतो."

"मग देता का करून?"

"मला भोक पाडण्यापलीकडे काही येत नाही. पण तसं सांगितलं तर मान राहत नाही, म्हणून सांगतो, उद्या येतो."

तुरजेला एवढ्या रागातही हसू फुटलं. "मग माझ्याबरोबर या, सुतारदादा. राजाकडे जातेय."

"उद्या येतो," पक्षी म्हणाला आणि तिच्या डोक्यावरून उडत पुढे निघाला. वाटेत त्याने तिला ते न धुतलेले हात, तो मांत्रिक, सगळं सांगितलं, कारण राजवाड्याजवळच्या सावरीच्या झाडावर बसून त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

राजवाडा कसला हो तो! चुन्याचे ढीग, विटांच्या राशी, अर्ध्या भिंती आणि धूळ. मधोमध एक शामियाना ठोकलेला, त्याखाली दगडी सिंहासन, आणि सिंहासनावर राजा भानुकेत, दाढीत चुन्याची भुकटी. त्यालाही निजायला खोली नव्हती. वारा सुटला की प्रधान शामियान्याच्या दोऱ्या धरून उभा राही.

"महाराज," तुरजा म्हणाली, "मला डोहाळे लागलेत."

"मग सासूला सांग."

"सासूकडे नाही ते. तुमच्याकडे आहे. तुमच्या भिंतीतलं ओलं ढेकूळ हवं, कोंडबा गवंड्याच्या थापीखालचं. माती खावीशी वाटतेय."

"माझ्या वास्तूची कणीही बाहेर जाणार नाही. चालती हो."

कडाड आवाज झाला. सिंहासनाच्या पाठीला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

"महाराज, तडा!" प्रधान ओरडला.

"बुजवा लगेच!"

"बुजवणार कोण? गवंडी सगळे भिंतीवर आहेत, आणि भिंतीवाचून त्यांना काही दिसत नाही. मी मघाशी एकाला हाक मारली, त्याने मलाच वीट समजून बाजूला ठेवलं."

राजा गुरगुरला. "दे तिला ढेकूळ."

तुरजा भिंतीपाशी गेली. बाप पाठमोरा होता. तीच मान, तेच खांदे, केस मात्र पांढरे झालेले.  "बाबा," ती म्हणाली.

कोंडबाने वळूनही पाहिलं नाही. "बाजूला व्हा बाई, भिंत ओली आहे."

आता सांगा, जन्मदात्या बापाने असं म्हटल्यावर लेकीने काय करावं? दुसरी असती तर मटकन बसली असती. तुरजेने डोळे पुसले, हात लांब केला आणि ओल्या भिंतीतून मूठभर माती काढली. मांत्रिकाने लांबून फुंकर घातली. ढेकूळ मुठीतच सोन्याचं झालं.

"खा आता," मांत्रिक म्हणाला. "असा डोहाळा कुणाचा पुरवला नसेल."

"सोन्यावर दात मोडायला मी आले नाही," तुरजा म्हणाली आणि तिने ढेकूळ उंच धरलं. "सुतारदादा!"

सुतारपक्ष्याने सोन्याचं कवच टकटक फोडलं. आत माती होती तशीच होती, ओली, बापाच्या हाताची. तुरजेने राजाच्या डोळ्यांत डोळे घालून ती खाल्ली आणि म्हणाली, "हा झाला पहिला."

"पहिला?" राजा म्हणाला. "आणखी आहेत की काय?"

"तीन आहेत. बाईचं पोट आहे हे, तुमचा शामियाना नव्हे. दुसरा ऐका. डोहाळजेवण झोपाळ्यावर करतात, होडीत करतात, बागेत करतात. माझं परांचीवर व्हायला हवं. त्या तिथं, बांबूंच्या माळ्यावर, जिथं कारागीर उभे आहेत. आणि यजमान तुम्ही."

राजाने तोंड उघडलं. सिंहासन कुरकुरलं. राजाने तोंड मिटलं आणि मान हलवली.

निरोप गेला. डोहाळजेवणाला पाच सवाष्णी लागतात. इथं राज्यभरच्या बाया आल्या. ज्यांच्या भिंती अर्ध्या होत्या त्या आल्या, ज्यांच्या चुली उघड्यावर होत्या त्या आल्या, एका छपराखाली तीन जावांबरोबर भांडून भांडून ज्यांचा घसा बसला होता त्याही आल्या. पुरणपोळ्या, भात, अळूची भाजी, हिरवी चोळी, ओटीचे तांदूळ, सगळं डोक्यावर घेऊन. भिवरा सर्वांत पुढे होती. पाटील मागून चौकट खांद्यावर घेऊन आला. ती सोडून तो कुठे जातच नसे.

तुरजा परांची चढू लागली. मांत्रिकाने कवड्या खुळखुळवल्या आणि परांची वाढली. ती एक पायरी चढे, वर दोन पायऱ्या उगवत. वरचा माळा ढगात गेला. बायांच्या तोंडचं पाणी पळालं. सातव्या महिन्याची बाई, धाप लागलेली, आणि वर पाहावं तर शेवट दिसेना.

"बाई," सुतारपक्षी कानाशी येऊन म्हणाला, "तुम्हाला माळ्यावर जायचंय की परांचीवर जेवायचंय?"

तुरजेने पायाखाली पाहिलं. पहिलीच फळी होती. ती तिथंच मांडी घालून बसली.

"ही परांचीच ना? वाढा इथंच."

मांत्रिकाची जादू वर ढगात वाढत राहिली, आणि खाली फळीवर केळीची पानं मांडली गेली. बायांनी तुरजेला हिरवी चोळी दिली, ओटी भरली, फुलांची वाडी घातली. पुरणाचा वास वर चढला आणि कारागिरांच्या नाकात गेला. ते कशासाठी वळले ते त्यांनाही कळलं नाही, पण वळले. थाप्या हातात तशाच, चुन्याने माखलेले, ते खाली उतरून परांचीपाशी उभे राहिले.

"महाराज," तुरजा म्हणाली, "हा माझा तिसरा डोहाळा. मला ह्या माणसांच्या पंगतीत जेवायचंय. ह्यांचे हात धुतल्याशिवाय पंगत बसायची नाही. आणि पंगतीत हातावर पाणी घालायचं ते यजमानाने."

 राजाला कळलं. प्रधानाला कळलं. मांत्रिकाला तर आधीच कळलं होतं. त्याने कमरेचा तुंबा सोडला, त्याचं तोंड उघडून दीर्घ श्वास ओढला, आणि राजवाड्यातलं पाणी गेलं. हौद आटला, विहीर आटली, बायांच्या घागरी कोरड्या पडल्या, चुन्याच्या घाण्यातला ओलावाही गेला. सगळं पाणी तुंब्यात. मांत्रिकाने बूच घातलं.

"महाराजांनी नाकारलं नाही," तो म्हणाला. "पाणीच नाही, त्याला महाराज काय करणार?"

राजा मोठ्याने हसला. सिंहासनही गप्प राहिलं, कारण नाकारलं कुणीच नव्हतं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तुरजेच्या पोटात बाळाने लाथ मारली. ती दचकली नाही. तिने वर पाहून हाक मारली.

"सुतारदादा! उद्या येतो म्हणाला होतात. झाला की नाही उद्या?"

"झाला, बाई," पक्षी म्हणाला.

टकटक टकटक टकटक! मांत्रिकाने तुंबा पोटाशी धरला, पाठीशी धरला, डोक्यावर धरला. ज्याला जन्मात भोक पाडण्यापलीकडे काही आलं नाही, त्याने ते कसं पाडलं म्हणून सांगू! तुंब्याच्या बुडातून पाण्याची धार लागली. तुरजेने परांचीवरून उतरून तांब्या धारेखाली धरला, गच्च भरला, आणि राजापुढे केला.

"घ्या."

राजाने हात मागे ओढला. "ह्यांना जा म्हटलं की वास्तू संपली. मी मरेन."

"मराल," तुरजा म्हणाली. "आम्हीही मरणार आहोत. पण तोवर कुठंतरी राहायला हवं की नको? इतकी वर्षं न मरता तुम्ही काय केलंत, महाराज? शामियान्यात बसलात. तुमच्या राज्यात कुणाच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि तुमच्याही नाही. असल्या जगण्याला मी भीक घालत नाही. नाकारायचं तर नाकारा, तोंडाने नाही म्हणा. मग तुमचं सिंहासन काय करायचं ते करील, आणि ह्या बाया काय करायचं ते करतील."

राजाने बायांकडे पाहिलं. त्यांच्या हातांत झारे होते, पळ्या होत्या, आणि एकीच्या हातात पोळपाट होता. मग त्याने समोरच्या हातांकडे पाहिलं. सर्वांत पुढे कोंडबा उभा होता, हात पुढे केलेले, जसे पहिल्या दिवशी केले होते अगदी तसेच.

राजाने तांब्या घेतला. त्याने कोंडबाच्या हातांवर पाणी घातलं. चुना वाहून गेला. खाली कातडी निघाली, जागोजागी चुन्याने खाल्लेली. राजा ती बघतच राहिला. नाक मुरडायचं त्याला सुचलं नाही. भिवरेने पुढे केलेला गुळाचा खडा त्याने त्या तळहातावर ठेवला, आणि कैक वर्षं घशात अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं.

"काम झालं. हात धुवा, घरी जा."

कोंडबाच्या हातातून थापी खाली पडली. त्याने डोळे चोळले. समोर एक बाई उभी होती, हिरव्या चोळीतली, पोट पुढे आलेली.

"तुरजा?" तो म्हणाला. "अगं, तू तर खापऱ्या खेळत होतीस ना?"

तुरजा इतका वेळ रडली नव्हती. आता मात्र ती बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली, आणि चार बायांना मिळून ती आवरेना. राजा एकेकाच्या हातावर पाणी घालत रांगेने पुढे गेला. त्याची पाठ दुखली. तो थांबला नाही. प्रत्येकाला आपलं नाव आठवत होतं आणि प्रत्येक जण ते मोठ्याने सांगत होता. मग पंगत बसली. तुरजा जेवली ती बापाशेजारी, आणि दोघांची वाटणी तिने एकटीने खाल्ली.

मांत्रिकाचा तुंबा रिकामा झाला तशी त्याची विद्याही रिकामी झाली. लोक त्याला बडवायला निघाले होते. कोंडबा म्हणाला, "मारून काय करता? एवढं पाणी ओढायची हौस आहे ना ह्याला? भिंती भिजवायला पाणी लागतं. दोन घागरी द्या ह्याच्या हातात." आणि कवड्या त्या दिवसापासून बांधकामावर पाणी वाहू लागला.

राजा मात्र मेला नाही. इतर माणसं जगतात तसा आणि तेवढाच जगायला मोकळा झाला. पंगत उठल्याबरोबर तो घसा साफ करून म्हणाला, "आता आधी माझं छप्पर करा."

"रांगेत या, महाराज," तुरजा म्हणाली.

रांग केव्हाच लागली होती. राजा शेवटी जाऊन उभा राहिला, चौकट खांद्यावर घेतलेल्या पाटलामागे. पाटलाने वळून त्याच्याकडे बघितलं आणि चौकटीकडे बोट दाखवून म्हणाला, "दाराने या." राजा वाकून आला.

कोंडबाने सगळ्यांना एकच अट घातली. ज्याला घर हवं, त्याने घरातलं एक माणूस कारागिराच्या हाताखाली द्यायचं. मुलगा की मुलगी, हे कारागीर बघणार नाहीत. राजाला मूलबाळ नव्हतं, म्हणून तो स्वतः आला आणि विटा द्यायला लागला. पहिल्या दिवशी त्याने पायावर वीट पाडून घेतली आणि जोरात ओरडला. लोकांना फार बरं वाटलं.

आणि रांगेत पहिलं घर कुणाचं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. सुतारांनी अंगणातली तुळई उचलून चढवली. तिला एक भोक होतं. कोंडबा म्हणाला, "राहू द्या." कौलं बसेपर्यंत नववा महिना भरत आला, आणि त्याच आठवड्यात तुरजेला कळा सुरू झाल्या. बाळ कौलांखाली जन्मलं, मुलगी, आणि जन्मताच तिने असा टाहो फोडला की तुळईच्या भोकातून सुतारपक्षी बाहेर डोकावला.

अंगणात कोंडबा उभा होता, हात चुन्याने माखलेले. वास्तू पुरी झाली होती, आणि रीत ती रीत. घराची धनीण भिवरा आतून तांब्या घेऊन आली. एवढ्या वर्षांचा राग तिच्या कपाळावर होता. पळसाची पानं, उघडी चूल, लेकीच्या लग्नात मोकळं पडलेलं बापाचं आसन, सगळं तिला नवऱ्याला ऐकवायचं होतं. तिने त्याच्या हातांवर पाणी घातलं. चुना गेला. तिने भेगा पाहिल्या आणि तळहातावर गूळ ठेवला.

"काम झालं," भिवरा म्हणाली. "हात धुवा. घरात या."

कोंडबाने थापी खाली ठेवली आणि उंबरा ओलांडला. ज्यांच्या हातांची घरं उभी आहेत त्यांच्या डोक्यावर छप्पर असो, आणि ऐकणारे तुम्ही, सांगणारा मी, आपापल्या घरी सुखाने जाऊ.